पावसाची रेषा, मेंढ्यांचा हिशेब

चांगल्या प्रतीचा सूट किंवा स्वेटर घ्यायला गेलं, की दुकानदार कापड दोन बोटांत धरून चोळून दाखवतो आणि म्हणतो, "मेरिनो आहे, ऑस्ट्रेलियाची लोकर." त्याचं म्हणणं बहुधा खरं असतं. ऑस्ट्रेलियाच्या लोकरीच्या मोठ्या ग्राहकांमध्ये भारताची गणना होते. ही लोकर म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढं हिरवंगार कुरण आणि त्यात चरणाऱ्या पांढऱ्या मेंढ्या असं कॅलेंडरवरचं चित्र येतं. पुष्कळ मेरिनो मेंढ्या तशा हिरव्या प्रदेशात चरतातही. पण आज मी ज्या मुलखाबद्दल बोलणार आहे, तिथं कॅलेंडरवर छापावं असं फारसं काही नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलिया हे त्या देशातल्या एका राज्याचं नाव. ॲडलेड ही त्याची राजधानी. ॲडलेडहून उत्तरेला दोन-अडीचशे किलोमीटर गेलं, की गव्हाची शेतं विरळ होत होत संपतात. पुढं तांबडी माती, मधूनच दगडांच्या पडक्या भिंती आणि गुडघाभर उंचीची करडी झुडपं. आपल्याकडे माण, आटपाडी, जत हे तालुके अवर्षणप्रवण म्हणून ओळखले जातात. तिथं वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून काहीसा कमी पाऊस पडतो. मी सांगतोय त्या मुलखात त्याच्याही निम्मा पडतो, आणि तोही कधी पडेल याचा भरवसा नाही. अशा जमिनीवर जवळजवळ पावणेदोनशे वर्षं मेरिनो मेंढ्या पाळल्या जात आहेत. त्या काळात इथल्या मेंढपाळांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवावा लागला: या जमिनीवर किती मेंढ्या ठेवायच्या? प्रश्न साधा वाटतो. पण त्याचं उत्तर चुकल्यामुळं इथं घरं उठली, गावं ओस पडली, आणि ज्यांची ही भूमी मुळात होती त्यांचंही जगणं उद्ध्वस्त झालं.

मेरिनो ही मूळची स्पेनची मेंढी. मध्ययुगात तिथल्या कळपांच्या मालकांची 'मेस्ता' नावाची बलाढ्य संघटना होती. १२७३ मध्ये तिला राजाची सनद मिळाली. हे कळप उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरांवर जात आणि हिवाळ्यात दक्षिणेच्या मैदानात उतरत. म्हणजे मेरिनो ही जातच चालणाऱ्यांची. तिची लोकर इतकी मऊ आणि मोलाची, की जिवंत मेरिनो देशाबाहेर नेण्यावर स्पेननं दीर्घकाळ बंदी घातली होती. अठराव्या शतकात ती बंदी सैल झाली आणि ही मेंढी फ्रान्स, जर्मनी असं करत जगभर पसरली. १७९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या केप वसाहतीतून काही मेरिनो जहाजानं सिडनीला पोचल्या. त्यांची निगराणी करून कळप वाढवण्याचं श्रेय इतिहासात जॉन मॅकार्थर यांना मिळालं. पण १८०९ ते १८१७ या काळात ते इंग्लंडमध्ये अडकून पडले होते आणि मेंढ्यांचा सारा कारभार त्यांच्या पत्नी एलिझाबेथ मॅकार्थर पाहत होत्या. हेही लक्षात ठेवायला हवं.

दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत स्थापन झाली १८३६ मध्ये. पाच वर्षांतच, १८४१ मध्ये, जॉर्ज हॉकर यांनी क्लेअर गावाजवळ 'बंगारी' इथं मेंढ्यांचा प्रसिद्ध कळप सुरू केला. पुढं त्यांनी आणि इतर पैदासकारांनी कोरड्या मुलखाला साजेशी मेंढी निवडत निवडत घडवली. थोराड हाडाची, लांब पायांची, पाण्यासाठी दूरवर चालत जाऊ शकणारी. तिची लोकर इतर मेरिनोंपेक्षा किंचित जाड, पण धूळ आणि ऊन सोसणारी. १८८० नंतर ऑस्ट्रेलियात इतरत्र अमेरिकेच्या व्हरमाँट प्रांतातून अंगभर सुरकुत्यांचे मेंढे आणण्याची टूम निघाली. कातडी जास्त म्हणजे लोकर जास्त, असा त्यामागचा हिशेब. पण त्या सुरकुत्यांत ओल साचायची, माशा बसायच्या, अळ्या पडायच्या. कोरड्या मुलखात गुळगुळीत अंगाची, धट्टीकट्टी मेंढीच खरी, हे लोकांना नुकसान सोसून कळलं.

मेंढी तर मुलखाला साजेशी झाली. पण मुलूख किती मेंढ्या पोसू शकतो, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. १८५० च्या दशकात फ्लिंडर्स पर्वतरांगांच्या परिसरात सरकारकडून भाड्यानं जमिनी घेऊन मोठमोठी मेंढपाळीची ठाणी उभी राहिली. त्यांना तिकडं 'स्टेशन' म्हणतात. त्यांतलंच एक कन्याका. ह्यू प्रॉबी नावाच्या तरुण सरदारपुत्रानं ते वसवलं आणि १८५२ मध्ये, याच कोरड्या मुलखात, अचानक आलेल्या ओढ्याच्या पुरात तो वाहून गेला. पुढं कन्याका भरभराटीला आलं. दगडी वाडा, नोकरांची घरं, लोकर कातरण्याची लांबलचक शेड, आणि चाळीस हजारांवर मेंढ्या. तेव्हा तारेची कुंपणं नव्हती. मेंढपाळ दिवसा कळप चारायचे आणि रात्री लाकडी जाळ्यांच्या आवारात कोंडायचे.

या जमिनी ओसाड होत्या असं सरकारी कागद म्हणत. पण अद्न्यामथन्हा, न्गाजुरी असे आदिवासी समाज तिथं हजारो वर्षं राहत होते. पाण्याच्या ज्या मोजक्या जागांवर त्यांचं जगणं अवलंबून होतं, नेमक्या त्याच जागा मेंढ्यांसाठी घेतल्या गेल्या. झरे गढूळ झाले, शिकार पांगली, संघर्ष झाले, माणसं मारली गेली. पुढं याच लोकांपैकी अनेकांनी त्याच स्टेशनांवर गुराखी आणि मेंढपाळ म्हणून काम केलं. १८५१ नंतर गोरे मजूर सोन्याच्या खाणींकडे पळाले, तेव्हा कित्येक कळप आदिवासी मेंढपाळांनीच सांभाळले.

आता या कथेतला मुख्य माणूस येतो. जॉर्ज वुडरॉफ गॉयडर. जन्म १८२६, लिव्हरपूलचा. अंगानं लहानखुरा पण कामाला वाघ; लोक त्याला 'छोटी ऊर्जा' अशा अर्थाच्या टोपणनावानं ओळखत. १८५७ मध्ये सर्वेक्षण खात्यातला एक तरुण अधिकारी म्हणून तो उत्तरेकडच्या मोठ्या सरोवरांच्या भागात गेला. नुकताच पाऊस होऊन गेला होता. त्याला गोड्या पाण्याचं विस्तीर्ण सरोवर दिसलं, हिरवळ दिसली, पलीकडे उंच कडे दिसले. त्यानं तसा उत्साही अहवाल दिला. ॲडलेडमध्ये आनंदीआनंद झाला. काही महिन्यांनी त्याचे वरिष्ठ फ्रीलिंग सरोवरात फिरण्यासाठी होडी घेऊन तिथं गेले. पाहतात तो पाणी घोट्याएवढं, खाली चिखल. ते उंच कडे म्हणजे मृगजळ होतं. गॉयडरची मोठी नाचक्की झाली.

पण माझ्या मते त्याचं खरं शिक्षण इथंच झालं. एका चांगल्या सालात कोरडी जमीन माणसाला कशी फसवते, हे त्यानं स्वतः फसून पाहिलं होतं. १८६१ मध्ये तो सर्वेअर जनरल झाला आणि पुढची तीन दशकं त्या पदावर राहिला.

१८६४ च्या सुमारास सरकारनं त्याच्याकडे मेंढपाळांच्या जमिनींचं नवं मूल्यांकन सोपवलं. त्यानं स्टेशनं स्वतः फिरून पाहिली आणि भाडी चांगलीच वाढवली. मेंढपाळ खवळले. तेवढ्यात भीषण दुष्काळ पडला. उत्तरेकडं मेंढ्या हजारोंनी मेल्या. कन्याकाचाही कळप निम्म्यावर आल्याचं सांगतात. कालपर्यंत भाडेवाढीविरुद्ध ओरडणारे आता सवलत मागत होते. सवलत कोणाला द्यायची? ज्याचं खरंच नुकसान झालं त्याला. पण ते ठरवायचं कसं? पावसाच्या नोंदी ठेवणारी केंद्रं त्या भागात जवळपास नव्हतीच.

म्हणून १८६५ च्या अखेरीला गॉयडर घोड्यावर बसून निघाला. तीन हजारांहून अधिक किलोमीटरची रपेट त्यानं केली. पर्जन्यमापक नव्हता, म्हणून त्यानं झाडं वाचली. दक्षिणेकडे 'मॅली' नावाची निलगिरीची खुरटी जात होती. उत्तरेकडे 'सॉल्टबुश' म्हणजे खारट पानांचं करडं झुडूप. मॅली संपते आणि सॉल्टबुशचं राज्य सुरू होतं, ती सीमा त्यानं नकाशावर आखली. ही रेषा पूर्वेला व्हिक्टोरियाच्या सीमेपासून निघून बरा गावाच्या बाजूनं उत्तरेला ओरोरूपर्यंत चढते, मग वळून समुद्राच्या आखाताकडे उतरते आणि पलीकडे पश्चिम किनाऱ्यापर्यंत जाते. पुढच्या काळात पर्जन्यमापकं बसली, नोंदी जमल्या, तेव्हा दिसलं की ती रेषा वर्षाला सुमारे २५० ते ३०० मिलिमीटर पावसाच्या सीमेशी जुळते. एका माणसानं झुडपं पाहून आखलेली रेषा आजही 'गॉयडर्स लाइन' म्हणून त्या राज्याच्या नकाशावर आहे.

ही रेषा आखली गेली ती मेंढपाळांना सवलत देण्यासाठी. पण ती गाजली गव्हामुळं. १८७२ च्या कायद्यानं ठरवलं, की शेतीसाठी उधारीवर जमीन विकायची ती या रेषेच्या दक्षिणेलाच. पण नेमकी पुढची दोन-तीन सालं उत्तरेलाही सुरेख पाऊस झाला. जमिनीला हपापलेले शेतकरी म्हणू लागले, कसली रेषा नि कसलं काय! नांगर चालला की पाऊस मागोमाग येतो, अशी एक कल्पना त्या काळी अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत लोकांना पटत होती. गॉयडरनं विरोध केला. पण १८७४ मध्ये सरकारनं ते बंधन उठवलं.

मग गव्हाची लाट उत्तरेकडं सरकली. स्टेशनांच्या जमिनी तुकड्यांत वाटल्या गेल्या, मेंढ्या हटल्या, गावं आखली गेली. १८७८ मध्ये ॲडलेडपासून सहाशेवर किलोमीटर दूर एक गाव आखलं आणि त्याचं नाव ठेवलं 'फरीना'. लॅटिनमध्ये फरीना म्हणजे पीठ. तिथं गहू लोळेल अशी आशा! १८८० पासून पाऊस रुसला. पेरलेलं बीसुद्धा हाती लागेना. सॉल्टबुश उपटून नांगरलेली माती वाऱ्यावर उडाली. कर्ज काढून आलेली कुटुंबं दगडी घरं तशीच टाकून परतली आणि त्यांतली बरीच जमीन पुन्हा मेंढ्यांकडे आली. फरीना रेल्वेमुळं काही दशकं टिकलं, मग तेही ओस पडलं. २००९ पासून काही स्वयंसेवक दरवर्षी तिथं जाऊन पडक्या इमारती सावरतात आणि तिथल्या जुन्या भूमिगत भट्टीत प्रवाशांसाठी पाव भाजतात. त्या पावाचं पीठ अर्थातच बाहेरून आणावं लागतं.

गॉयडरची गोष्ट सहसा इथं संपवली जाते. शहाण्या अधिकाऱ्याचं लोकांनी ऐकलं नाही आणि लोक बुडाले. पण मेंढ्यांची बाजू पाहिली, तर खरी गोष्ट इथून पुढं सुरू होते. रेषेच्या पलीकडे नांगरू नका, एवढंच ती रेषा सांगत होती. पलीकडे मेंढ्या हव्या तितक्या ठेवा, असं तिनं कधीच म्हटलं नव्हतं. लोकांनी मात्र तसा अर्थ घेतला.

त्यासाठी ते करडं झुडूप समजून घ्यायला हवं. पाऊस पडला की या मुलखात हंगामी गवत आणि रानफुलं उगवतात. मेंढ्यांना खरं आवडतं ते हे. काही महिन्यांत ते वाळून जातं. मग उरतं सॉल्टबुश आणि त्याचं भावंड ब्लूबुश. सॉल्टबुशचं एकेक रोप वीस-पंचवीस वर्षं जगतं, तर ब्लूबुशचं शंभर वर्षांहूनही अधिक. गवत हे व्याज आहे आणि ही झुडपं म्हणजे मुद्दल. दुष्काळात मेंढ्या मुद्दलावर येतात. खारट पाला खाल्ला की तहान वाढते. उन्हाळ्यात एकेक मेंढी दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी पिते. त्यामुळं ती पाण्यापासून फार लांब जाऊ शकत नाही. विहिरीच्या किंवा टाकीच्या भोवती आधी जमीन उघडी पडते आणि मग ते टक्कल वर्तुळासारखं पसरत जातं. मेंढी शेवटपर्यंत तग धरते, हीच अडचण. मालकाला वाटतं, अजून मेंढ्या उभ्या आहेत म्हणजे सगळं ठीक आहे. मेंढ्या मरायला लागतात तेव्हा जमीन आधीच मेलेली असते.

त्यात १८५९ मध्ये व्हिक्टोरियात शिकारीसाठी सोडलेल्या दोन डझन सशांची संतती देशभर पसरली आणि उरलीसुरली रोपं फस्त करू लागली. १८९० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात दहा कोटींहून अधिक मेंढ्या होत्या. १८९५ ते १९०३ चा प्रदीर्घ दुष्काळ संपला, तेव्हा त्यांतल्या जेमतेम निम्म्या उरल्या.

१९२५ मध्ये ॲडलेड विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक ऑस्बोर्न यांनी एक साधा प्रयोग सुरू केला. गॉयडरच्या रेषेपलीकडे कूनामोर नावाचं मेंढ्यांचं स्टेशन आहे. तिथला अतिचराईनं पार उघडा पडलेला सुमारे चारशे हेक्टरांचा तुकडा त्यांनी कुंपण घालून बंद केला. ठरलेल्या जागांवरून फोटो काढायचे, ठरलेल्या चौकटींतली रोपं मोजायची, बस्स. शंभर वर्षं होत आली तरी ते काम चालू आहे. कोरड्या प्रदेशातल्या वनस्पतींची इतकी दीर्घ नोंद जगात फार थोड्या ठिकाणी आहे. सॉल्टबुश काही दशकांत परतलं. पण कित्येक झाडांची नवी रोपं दिसेनात, कारण ससे कुंपणाच्या आत होतेच. १९७० च्या दशकात सशांचा नीट बंदोबस्त झाला, तेव्हा कुठं ती रोपं वाढू लागली. पन्नास-साठ वर्षांच्या चराईनं जे गेलं, ते परत मिळायला तितकाच काळ पुरत नाही, हे त्या फोटोंतून दिसतं.

१९३५ मध्ये फ्रान्सिस रॅटक्लिफ हे शास्त्रज्ञ सरकारी संशोधन संस्थेसाठी याच भागात मातीची धूप पाहायला आले. वाळूत गाडली गेलेली कुंपणं त्यांनी पाहिली. त्यांचा निष्कर्ष सरळ होता: मेंढ्यांची संख्या चांगल्या सालावरून ठरवाल, तर वाईट साली झुडपं जातील आणि मग माती जाईल. हे कायद्यात नीट उतरायला मात्र पुढं कित्येक वर्षं लागली. १९८९ च्या दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानं प्रत्येक भाडेपट्ट्यावर जास्तीत जास्त किती जनावरं ठेवायची याची मर्यादा घालण्याची आणि ठरावीक वर्षांनी जमिनीची तपासणी करण्याची तरतूद केली.

पण कायदा वरची मर्यादा सांगतो. यंदा किती, हे मालकालाच ठरवावं लागतं. पाऊस लांबला, की कळपातल्या कोणत्या मेंढ्या आधी काढायच्या? म्हाताऱ्या आधी, मग बधिया केलेले नर, आणि सगळ्यात शेवटी पैदाशीच्या तरुण माद्या. कारण तो कळप पिढ्यान्पिढ्या निवडून त्या जमिनीसाठी घडवलेला असतो. बाजारातून तो परत विकत मिळत नाही. लवकर विकाव्यात, तर कदाचित पुढच्या आठवड्यात पाऊस यायचा आणि हसं व्हायचं. उशिरा विकाव्यात, तर सगळे एकदमच विकायला निघतात, भाव कोसळतो, आणि रोडावलेली मेंढी कोणी घेत नाही.

आणि बाजार हा तर दुसरा दुष्काळ. १९८० च्या दशकाच्या अखेरीला ऑस्ट्रेलियात लोकरीला किलोमागे ८७० सेंट असा हमीभाव होता. जगात मागणी घटली तरी तो खाली आणायला खूप उशीर झाला. मेंढ्या सतरा कोटींवर गेल्या, न विकलेल्या लोकरीच्या गाठी साचत गेल्या. फेब्रुवारी १९९१ मध्ये योजना बंद पडली, तेव्हा गोदामांत ४० लाखांहून अधिक गाठी होत्या. त्या संपायला २००१ उजाडलं. मधल्या काळात मेंढ्या विकणं परवडेना, म्हणून लोकांनी खड्डे खणून, स्वतःच्या हातानं वाढवलेले कळप गोळ्या घालून पुरले. तिथंही चूक तीच होती. चांगल्या सालाचा आकडा कायमचा धरला होता.

आपल्याकडच्या धनगरांनी याच प्रश्नाचं वेगळं उत्तर शोधलं. माण-फलटणकडचे मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन कोकणाकडे उतरतात, वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवतात, त्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. एका जागेला कळपाचा भार सोसवत नसेल, तर कळपानं चालायचं. स्पेनमधली मेरिनोही हेच करत होती. ऑस्ट्रेलियात ती तारेच्या कुंपणात आली आणि तिचं चालणं थांबलं. मग चालण्याऐवजी संख्या कमी करणं, एवढाच मार्ग उरला. आज आपल्या धनगरांच्याही वाटा आणि गायरानं आक्रसत चालली आहेत. तेव्हा त्यांच्यासमोरही हा हिशेब येणारच आहे.

गॉयडर १८९८ मध्ये वारला. हवामान जसजसं तापतंय, तसतशी त्याची रेषा दक्षिणेकडे सरकेल, असा शास्त्रज्ञांचा इशारा आहे. २०२४ आणि २०२५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या भागात पुन्हा कडक दुष्काळ होता आणि मेंढ्यांनी भरलेले ट्रक रस्त्यांवर दिसत होते. त्यांतल्या काही मालकांनी कळप वेळेवर कमी केले होते, काहींनी वाट पाहिली. पाऊस येईल तेव्हा कोणाच्या रानात झुडपं उभी आहेत, ते दिसेलच. गॉयडरनंही घोड्यावरून फिरताना तेवढंच पाहिलं होतं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)